बुडबुड्याचं आयुष्य आणि धावती फिल्म

पलूसला पंपदुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारा माझा भाचा मागच्या उन्हाळ्यात एक इम्पेलर, म्हणजे पंपात फिरून पाणी फेकणारं पात्यांचं चाक, घेऊन सांगलीत विश्रामबागेत माझ्या घरी आला. बिडाचा, साधारण दीडशे मिलिमीटर व्यासाचा. पाणी आत शिरतं तिथं, पात्यांच्या तोंडाशी, धातू खाल्लेला. म्हणाला, "मामा, शेतकरी म्हणतोय गाळानं खाल्लाय. नदीचं पाणी आहे, वाळू येणारच. तुम्हाला काय वाटतं?"

मी त्याला म्हटलं, आधी हात फिरवून बघ. वाळूनं झिजलेलं बीड हाताला गुळगुळीत लागतं, पाणी वाहतं त्या दिशेनं त्यावर चर पडतात. इथं पृष्ठभाग खरखरीत होता, छिद्रांवर छिद्रं, आणि फक्त एकाच पट्ट्यात. हे कॅव्हिटेशन. उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी खाली जातं, मोटर आहे तिथंच राहते, सक्शनची उंची, म्हणजे पाणी जिथून वर ओढायचं ती उंची, वाढत जाते. पात्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाणी गार असतानाच तिथं उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. तेच बुडबुडे दोन बोटं पुढं गेले की दाब पुन्हा वाढतो आणि ते मिटतात. मिटताना बीड फोडतात.

भाच्याचा बुडबुड्यावर विश्वास बसेना. मग त्यानं जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा लेख लिहायला घेतला. "असा बुडबुडा जगतो किती वेळ?"

माझी सगळी नोकरी पुण्यातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत हायस्पीड फोटोग्राफीच्या विभागात गेली. तिथं कोणीही कॅमेरा मागायला आला की आमचे साहेब हाच प्रश्न विचारायचे. तुमची घटना किती वेळ टिकते? त्याचं उत्तर आल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. बुडबुड्यापुरतं ते उत्तर लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये कागदावर काढून ठेवलं आहे. बुडबुड्याची त्रिज्या, पाण्याची घनता आणि बाहेरचा दाब, एवढ्यावर मिटण्याचा काळ निघतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा हवेच्या साध्या दाबाखाली मिटायला सुमारे ९१ मायक्रोसेकंद घेतो. म्हणजे एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही थोडा कमी वेळ.

आता या ९१ मायक्रोसेकंदांपाशी उभं राहून एकेक कॅमेरा बघू.

साधा सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो. त्यात एक छोटा आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रात शिरतो, फिल्म एक घर खाली ओढतो, बाहेर येतो. फिल्म थांबते, शटर उघडतं, चित्र पडतं, शटर मिटतं, पुन्हा आकडा. थांब आणि चाल, थांब आणि चाल. हे जितकं वेगानं करावं तितका ताण छिद्रांवर येतो. छिद्रात नेमकी बसणारी पिन लावून, सगळं घासूनपुसून, १६ मिमीच्या फिल्मवर सेकंदाला ५०० चित्रांपर्यंत हा प्रकार नेता येतो. त्याच्या पुढं छिद्रं फाटायला लागतात. पण या कॅमेऱ्याला कमी लेखू नका. प्रत्येक फ्रेम पिनवर बसलेली असते, त्यामुळं चित्र जागचं हलत नाही आणि मोजमाप फार चोख येतं. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या वेळी लाँच पॅडवरच्या अशाच कॅमेऱ्यानं सेकंदाला ५०० चित्रांनी इंजिनांच्या ज्वाळा टिपल्या.

पाचशेच्या पुढं जायचं तर फिल्म थांबवण्याचा नाद सोडावा लागतो. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजना टेलिफोनच्या रिलेचे, म्हणजे विजेनं ओढल्या जाणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट बघायचे होते. रिले ओढला की कॉन्टॅक्ट एकदाच चिकटत नाही, आपटून काही वेळा उडतो, ठिणग्या पडतात. आपल्याकडं मोटरच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्ट जळतात त्याच्या मागं हेच उडणं असतं. १९३० च्या दशकात त्यांनी कोडॅकचा सेकंदाला हजार चित्रांचा कॅमेरा यासाठी वापरला. आणखी वेगाचा हवा होता, कोडॅकनं नकार दिला, तेव्हा बेलवाल्यांनी स्वतःच बनवला. त्याचं नाव फास्टॅक्स. सुरुवातीला पाच हजार, पुढं वोलेन्सॅक कंपनीच्या हातात सेकंदाला दहा हजार चित्रं.

फास्टॅक्समध्ये फिल्म कुठंच थांबत नाही, सलग धावते. मग धावत्या फिल्मवर चित्र फरफटत कसं नाही? सांगली-मिरज रस्त्यावर दोन एसट्या शेजारी शेजारी सारख्याच वेगानं धावत असल्या, की पलीकडच्या खिडकीतला माणूस आपल्याला जागच्या जागी दिसतो, चेहरासुद्धा ओळखता येतो. इथं तेच केलंय. फिल्म धावते तर लेन्समधून आलेली प्रतिमाही तिच्याबरोबर, तिच्याच वेगानं धावली पाहिजे. प्रतिमेला धाववायचं काम काचेचा एक ठोकळा, म्हणजे प्रिझम, करतो. समांतर बाजूंचा जाड काचेचा ठोकळा तिरका धरून त्यातून पाहिलं तर पलीकडची वस्तू जरा बाजूला सरकलेली दिसते. जितका तिरका, तितकी जास्त सरकते. हा ठोकळा लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये बसवून फिरवत ठेवला की प्रतिमा सरकत राहते. ठोकळा आणि फिल्म ओढणारं दात्यांचं चाक (स्प्रॉकेट) एकमेकांना गिअरनं जोडलेले असतात, त्यामुळं फिल्मचा वेग वाढला की ठोकळ्याचाही वाढतो आणि दोघांची जोडी सुटत नाही. ठोकळ्याची एक बाजू समोरून गेली की एक फ्रेम.

यात एक खोच आहे, आणि आम्हाला शिकवणाऱ्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी ती फळ्यावर काढून दाखवली होती. ठोकळा थोडाच तिरका असेल तोवर प्रतिमेचं सरकणं कोनाच्या प्रमाणात असतं. जास्त तिरका झाला की प्रमाण बिघडतं, प्रतिमा फिल्मशी जुळून धावत नाही, चित्र पसरतं. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या वाट्याच्या वेळातला मधला एक तृतीयांश भागच उजेडाला मोकळा ठेवतात, बाकीचा अडवतात. सेकंदाला पाच हजार चित्रं असतील तर प्रत्येक फ्रेमला उजेड मिळतो सेकंदाचा पंधरा हजारावा भाग. एवढं करूनही प्रिझमच्या कॅमेऱ्याचं चित्र पिनच्या कॅमेऱ्याइतकं धारदार येत नाही. ज्याला ठिकाण मोजायचं आहे त्यानं पिनचा घ्यावा, ज्याला वेळ चिरायचा आहे त्यानं प्रिझमचा, असं मी आजही सांगेन.

फिल्मच्या वेगाचा हिशोब करून बघा. १६ मिमी फिल्मवर एका फुटात ४० चित्रं बसतात, म्हणजे एक घर साधारण ७.६ मिमी. सेकंदाला दहा हजार चित्रं म्हटलं की फिल्म सेकंदाला ७६ मीटर धावते, ताशी २७० किलोमीटरच्या वर. शंभर फुटांच्या रिळात चार हजार चित्रं. ती बघता बघता संपतात, आणि त्यातही पहिला मोठा भाग वेग पकडण्यात जातो. मोटर चालू केली की आवाज खर्जातून चढत चढत किंचाळीपर्यंत जायचा, आणि शेवटी रिळाचं सुटं टोक आत फडफडून त्याचे तुकडे उडायचे. झाकण उघडून ते तुकडे ब्रशनं झाडायचे हे नव्या माणसाचं पहिलं काम. सेकंद-दीड सेकंदाच्या त्या आवाजात आम्ही श्वास रोखून उभे असायचो. कारण घटना घडायला हवी ती रिळाच्या शेवटच्या भागात, पूर्ण वेग आल्यावर. म्हणून कॅमेऱ्यातच स्विच असायचा. ठरलेले फूट फिल्म गेली की तो स्विच प्रयोगाला चालू करायचा. माणसाच्या हाताच्या भरवशावर हे काम होतच नाही.

आणि उजेड. साधा सिनेमा कॅमेरा फ्रेमला सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उजेड देतो, आपला पंधरा हजारावा. तीनशे पटींहून जास्त फरक. ट्राय-एक्स ही कमी उजेडात चालणारी फिल्म वापरून, डेव्हलप करताना जास्त वेळ ठेवून, तरी दिवे इतके लागायचे की प्रयोगाच्या वस्तूवरचा रंग सुटायचा. दिवे आधी लावून ठेवायचे नाहीत, कॅमेऱ्याच्या जरा आधी लावायचे आणि लगेच बंद करायचे, ही शिस्त होती.

आता माझ्या मनात सगळ्यात घट्ट बसलेली गोष्ट. फिल्मच्या कडेला, चित्राच्या बाहेर, एक बारीक निऑनचा दिवा असायचा. तो सेकंदाला हजार वेळा लुकलुकायचा आणि कडेवर ठिपके उमटवायचा. फिल्म धुऊन वाळली की आधी चित्र बघायचं नाही, ठिपके बघायचे. दोन ठिपक्यांमध्ये दोन फ्रेम असतील तर तिथं वेग सेकंदाला दोन हजार, पाच असतील तर पाच हजार. रीळभर वेग बदलत असतो, त्यामुळं कॅमेऱ्यावरच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. आणि चित्रात, वस्तूच्या अगदी त्याच पातळीत, ओळखीच्या लांबीची एक पट्टी. ठिपके आणि पट्टी ही दोन असली की मग प्रोजेक्टरवर एकेक फ्रेम थांबवायची, ग्राफ पेपरवर बिंदू मांडायचा, पुढची फ्रेम. दिवसचे दिवस. शेवटी हाती वेग येतो, त्वरण येतं, बल येतं. हळू हललेलं चित्र बघून माणसं वाहवा म्हणतात, आणि ते सुंदर असतंच. पण इंजिनिअरला त्या सौंदर्यातून आकडा काढायचा असतो, आणि ठिपका नसेल तर आकडा निघत नाही.

तर आपला बुडबुडा. सेकंदाला पाच हजार चित्रं म्हणजे दोन चित्रांत २०० मायक्रोसेकंद. बुडबुडा ९१ मध्ये संपतो. एका फ्रेममध्ये आहे, दुसऱ्या फ्रेममध्ये नाही. दहा हजारानं फार तर एकदा सापडेल. फास्टॅक्स इथं हात टेकतो.

अमेरिकेतल्या कॅल्टेक या विज्ञानसंस्थेत रॉबर्ट नॅप आणि हॉलँडर यांनी १९४८ मध्ये वेगळी वाट घेतली. फिल्म सलग धावू दे, प्रिझम नको, शटरही नको. उजेडच तुकड्यांत द्यायचा. एमआयटीचे हॅरॉल्ड एजरटन विजेच्या मोटरींचा अभ्यास करताना झटक्यात लखकन पेटून विझणारे दिवे वापरू लागले होते, त्याच जातीचे फ्लॅश. सेकंदाला ७५ मीटर धावणारी फिल्मसुद्धा एका मायक्रोसेकंदात ०.०७५ मिमीच पुढं जाते, तेवढं चित्र फरफटलेलं डोळ्याला कळत नाही. अंधारात फ्लॅश हेच शटर. या पद्धतीनं त्यांनी सेकंदाला वीस हजार चित्रं काढली आणि पाण्याच्या बोगद्यात, म्हणजे प्रयोगासाठी वेगानं पाणी वाहवणाऱ्या बंद नळीत, एकेक बुडबुडा वाढताना, मिटताना, आणि मिटून पुन्हा उगवताना पकडला. एकदा मिटून तो संपत नाही, काही वेळा परत येतो, हे फ्रेम मोजूनच कळलं.

पण बीड फुटतं कसं, हे त्याच्याही पुढचं. १९४४ मध्ये कॉर्नफेल्ड आणि सुवोरोव यांनी अंदाज मांडला होता की धातूलगतचा बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नसावा. १९६१ मध्ये नोदे आणि एलिस यांनी ठिणगीनं धातूलगत बुडबुडे तयार करून त्यांची चित्रं घेतली आणि ते दिसलं. धातूपासून लांबची बाजू आधी आत दबते, तिथून पाण्याची एक बारीक धार बुडबुड्याला आरपार भेदून थेट धातूवर आदळते. एका धारेनं काही होत नाही. पण पंप दिवसभर चालतो.

अशा कामाला फिल्म धाववणंच सोडून द्यावं लागतं. फिल्म कमानीसारखी स्थिर बसवतात आणि मध्ये आरसा फिरवतात. यातली युक्ती सी. डी. मिलर यांची, अमेरिकेच्या नाका या विमानविद्येच्या संस्थेतली. पहिली प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागावरच पाडायची. आरसा फिरला तरी त्याच्यावर पडलेली प्रतिमा जागची हलत नाही, फक्त तिच्यातून निघणारा उजेड कमानीवरच्या छोट्या लेन्सांवरून एकेक करत फिरतो. प्रत्येक लेन्स आपापल्या फिल्मच्या तुकड्यावर एक चित्र उतरवते. १९४० च्या दशकात या संस्थेत सेकंदाला चाळीस हजार चित्रांनी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये काचेच्या खिडकीतून डोकावून 'नॉकिंग', म्हणजे इंधन आपोआप भडकून इंजिनात ठोके पडणं, बघितलं. विमानाच्या इंजिनाची ताकद त्यावर अडली होती. पुढं अशा आरशांना हवेच्या, मग हेलियमच्या टर्बाइननं फिरवून वेग दहा लाखांच्या पुढं गेला. तोटा एवढाच, की चित्रं थोडी. शेकड्यांत नाही, डझनांत मोजायची. पण ९१ मायक्रोसेकंदांच्या आयुष्याला तेवढी पुरतात.

आता फँटम, फोट्रॉन अशा डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मची जागा घेतली, आणि मला त्याचा आनंद आहे. आम्ही ज्यासाठी जीव काढायचो ती घटना पकडण्याची अडचणच त्यांनी मिटवली. मेमरी गोल फिरत राहते, जुनं पुसत नवं लिहीत राहते. घटना घडून गेल्यावर बटण दाबलं तरी मागचे काही सेकंद हातात असतात. मर्यादा तिथंही आहेच. दहा लाख बिंदूंचं चित्र, प्रत्येक बिंदूला एक बाइट, सेकंदाला दहा हजार चित्रं, म्हणजे सेकंदाला दहा गिगाबाइट. म्हणून वेग वाढवायचा तर चित्र लहान करावं लागतं, रुंद दृश्याची बारीक पट्टी उरते.

भाच्यानं लगेच मोबाइल काढला. त्याच्यात सेकंदाला २४० फ्रेम होतात. दोन फ्रेममध्ये ४ मिलिसेकंदांहून जास्त वेळ. बुडबुड्याची अख्खी चाळीस आयुष्यं त्यात बसतील. शिवाय पंप मिनिटाला २९०० फेरे घेतो, या इम्पेलरची कड सेकंदाला जवळजवळ २३ मीटर जाते. सेकंदाचा हजारावा भाग उजेड दिला तरी तेवढ्यात कड २३ मिलिमीटर सरकते, पातं नुसता पट्टा दिसणार. मोबाइल इथं चालत नाही. बेल्ट घसरतोय का, द्राक्षबागेतल्या ब्लोअरचा नोझल फवारा सारखा सोडतोय का, असल्या कामाला मात्र तो जरूर वापरावा, आणि चित्रात पट्टी ठेवावी.

पण त्याला बुडबुड्याचं आयुष्य मोजायचं नव्हतं. बुडबुडे पात्यावर कुठं उगवतात आणि सक्शन किती कमी केल्यावर थांबतात, एवढंच बघायचं होतं. त्याला हायस्पीड कॅमेरा लागत नाही. पातं प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी येतं, म्हणून दर फेऱ्याला एकदा, नेमक्या त्याच क्षणी फ्लॅश मारला की ते उभं राहिलेलं दिसतं. चार्ल्स पार्सन्स यांनी १८९५ मध्ये जहाजाचा पंखा पाण्याच्या टाकीत असाच बघितला होता. भाच्यानं पंपाच्या पुढच्या बाजूला जाड अ‍ॅक्रिलिकचं झाकण बसवलं, शाफ्टला सेन्सर लावला, ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पोराकडून एलईडीचा दहा मायक्रोसेकंदांचा फ्लॅश करून घेतला. दहा मायक्रोसेकंदांत कड पाव मिलिमीटरही जात नाही. रात्री वर्कशॉपचे दिवे घालवून सक्शनचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेलो, तेव्हा पात्याच्या तोंडाशी पांढुरका ढग उगवला, अगदी खाल्लेल्या पट्ट्याच्या जागी, आणि पंपातून तडतड यायला लागली. त्या शेतकऱ्याला बोलावून भाच्यानं ते दाखवलं. मोटर खाली उतरवायचा खर्च ऐकून आधी नाही म्हणणाऱ्या त्या माणसानं बराच वेळ ढगाकडं बघितलं आणि किती फूट उतरवायची ते विचारलं.

हे सगळं लिहिताना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या जिल्ह्यात, सातारा-कोल्हापूरकडंही, पंप आणि इंजिनांचे जुने कारखाने आहेत. त्यांच्या किंवा तिथून निवृत्त झालेल्यांच्या कपाटांत चाचण्यांची १६ मिमीची रिळं पडलेली असू शकतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर फिल्म सडायला लागली आहे, तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करा आणि गार, कोरड्या जागी ठेवा. प्रोजेक्टरवर चढवू नका, आकसलेली फिल्म छिद्रांपाशी फाटते. आणि डब्यात घडी करून ठेवलेला कागद असेल, त्यावर तारीख, लेन्स, दिव्याची वारंवारता, पट्टीची लांबी लिहिलेली असेल, तर तो रिळापासून वेगळा करू नका. त्या कागदाशिवाय कडेचे ठिपके कशाचे आहेत हे कोणालाच सांगता येणार नाही. वाचायला माणूस हवा असेल तर मी सांगलीतच आहे, प्रोजेक्टर नसला तरी भिंग आणि ग्राफ पेपर माझ्याकडं आहे.